तेहेतीसला एक

आमच्या घरी ती गाडी आली तेव्हा मी सोळा वर्षांची होते. त्या वयात मुलीची बापाकडून फार मोठी अपेक्षा नसते. त्याने चारचौघांत दिसू नये आणि ऐकू येऊ नये, एवढंच. बाबांनी आणलेली गाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच ऐकू यायची आणि निघून गेल्यावरही बराच वेळ दिसत राहायची, निळ्या धुराच्या रूपाने. ज्या देशातून जगभर गाड्या जातात, त्या देशात राहून या गृहस्थांनी गाडी घेतली ती जर्मन. जर्मन म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जे काही चकचकीत उभं राहिलं असेल ते कृपया परत आत ठेवा. ही पूर्व जर्मनीतली ट्राबांट होती. रंग फिकट आकाशी, दोन सिलिंडर, सव्वीस घोडे, आणि तेही आईच्या मते रेशनवर मिळालेले.

आम्ही तेव्हा क्योतोला राहत होतो. बाबा तिथल्या विद्यापीठात रेझिनवर संशोधन करत. मी आठ वर्षांची असताना आम्ही आलो, त्यामुळे मला जपानी लिहिता-वाचता येत होतं, आईला बाजारापुरतं येत होतं, आणि बाबांना एकच शब्द येत होता, 'सुमिमासेन'. त्यात माफ करा, आभारी आहे आणि जरा सरकता का, हे सगळं बसतं, म्हणून त्यांना दुसऱ्या शब्दाची गरज वाटली नाही. वाचण्याच्या बाबतीत तर आनंदीआनंदच. कचरा कुठल्या वारी कुठला टाकायचा इथपासून गॅसच्या बिलापर्यंत घरात आलेला प्रत्येक कागद माझ्यापुढे यायचा आणि मी तो मराठीत वाचून दाखवायचे. सोळाव्या वर्षी मी त्या घराची परराष्ट्रमंत्री होते, बिनपगारी.

गाडी मूळ ओसाकाच्या एका दातांच्या डॉक्टरांची. बर्लिनची भिंत पडल्यावर तिकडची माणसं या गाड्या रस्त्याच्या कडेला टाकून पश्चिमेच्या गाड्या घ्यायला धावली, आणि जगातल्या हौशी लोकांना वाटलं, अरे वा, काय सुरेख वस्तू आहे. डॉक्टरांना ती जहाजातून आणून, कागदपत्रं करून, नंबर मिळेपर्यंत घाम फुटला. मग त्यांच्या बायकोने सांगितलं, घरात एक तर ती राहील नाही तर मी. डॉक्टर बरेच दिवस विचार करत होते म्हणे. बाबा त्यांच्याकडे अक्कलदाढ काढायला गेले आणि गाडी घेऊन आले. "अक्कल तिथेच ठेवून आलात वाटतं," आई म्हणाली. आई पुण्याची.

त्यानंतर आमच्या घरात जेवताना दुसरा विषय उरला नाही. आमचं घर लाकडी, भिंती पापडासारख्या. शेजारच्या मोरिताबाईंच्या घरी किटली शिट्टी मारायला लागली की आम्हाला आमचीच वाटायची. संध्याकाळी तोफू विकणारा आपला भोंगा वाजवत जायचा, आई सोलापुरी शेंगांची चटणी कुटायला बसायची, आणि बाबा पहिला घास घ्यायच्या आधीच सुरू व्हायचे. त्स्विकाऊ नावाच्या गावात युद्धाच्या आधीपासून छोट्या टू-स्ट्रोक गाड्या बनत. युद्धानंतर ते गाव पूर्वेच्या वाटणीला आलं. कारखाना होता, कारागीर होते, पत्रा नव्हता. "मग त्यांनी काय केलं असेल?" बाबा विचारायचे. हा प्रश्न आम्हाला रोज यायचा आणि उत्तर माहीत असूनही विचारावं लागायचं, काय केलं? मग ते विजयी चेहऱ्याने सांगायचे, कापसाचा कचरा आणि रेझिन यांचे थर एकावर एक दाबून त्यांनी गाडीचं अंग केलं! पत्रा नाही, म्हणून गंज नाही. पाण्याचा पंप नाही, पेट्रोलचा पंप नाही, म्हणून ते बिघडत नाहीत. "जे नाहीच ते बिघडणार कसं?" बाबा म्हणायचे. या तर्काने आमची मोरी जगातली सर्वोत्तम गाडी ठरली असती.

नाव ट्राबांट, म्हणजे सोबती किंवा उपग्रह. रशियाने पहिला उपग्रह सोडला त्याच सुमाराला हीही सुटली. फरक इतकाच की उपग्रह पुढे बदलत गेले. या गाडीत तीस वर्षांत बदल असे झालेच नाहीत. कारागीर नवनवे नमुने तयार करायचे आणि वरून हुकूम यायचा, नको. तरी नाव नोंदवून लोक दहा-दहा वर्षं थांबायचे. मूल जन्मलं की त्याच्या नावाने अर्ज टाकायचा, म्हणजे ते कॉलेजात जाईपर्यंत गाडी हाती येईल. हातातली जुनी गाडी नव्यापेक्षा महाग विकली जायची, कारण जुनी निदान समोर तरी असायची. शेवटी एकदाचं पश्चिमेचं नवं फोर-स्ट्रोक इंजिन तिला बसवलं, आणि तेवढ्यात भिंतच पडली. नव्या इंजिनाकडे कुत्रंही फिरकलं नाही. "बिचारी," बाबा म्हणायचे, आणि भाकरी मोडायचे. आई माझ्याकडे बघायची. त्या घरात दुसऱ्या कोणाला बिचारं म्हटल्याचं आम्ही ऐकलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र ते जेवताना सांगायचे नाहीत. गाडी पुसताना मी जवळ असले की सांगायचे. माझे आजोबा, म्हणजे बाबांचे अण्णा, सोलापूरच्या एका गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात होते. संध्याकाळी घरी यायचे ते केसांत, भुवयांत, कानांत कापूस घेऊन, आणि आजी त्यांना दारातच उभं करून फडक्याने झटकायची. त्या कापसानेच त्यांची छाती गेली. "अण्णा जे झटकून टाकायचे ना मेधा, त्याची या लोकांनी गाडी केली," बाबा दारावर बोटांनी टकटक करत म्हणायचे. पत्र्यासारखा आवाज यायचा नाही, पुठ्ठ्यासारखा यायचा. मला तेव्हा वाटायचं, बरं मग? मी काय करू? सोळाव्या वर्षी आपण किती निगरगट्ट असतो, याचा मला आता कधीकधी रागही येतो आणि हेवाही वाटतो.

गाडीला नुसतं पेट्रोल चालत नसे. त्यात तेल मिसळावं लागे. पुस्तकात स्पष्ट छापलं होतं, पन्नास भाग पेट्रोलला एक भाग तेल. जुन्या गाड्यांना तेहेतीसला एक लागे, आमची नवी होती. बाबांना कामापुरतं जर्मन वाचता येत होतं, पण ते घालायचे तेहेतीसलाच एक. का, तर इंजिनाला बरं वाटतं. आई पोळीला तूप जास्त लावते तशातली ही माया. तेल मोजायचं काम माझं. आईचा तांदूळ मोजायचा पेला त्यासाठी कायमचा बाटला. "बाबा, पुस्तकात पन्नास लिहिलंय, धूर उगीच होतो," मी म्हणायचे. "पुस्तक लिहिणाऱ्याने ही गाडी पाहिलीय का?" बाबा म्हणायचे. मग मी तेहेतीसच्या हिशेबाने तेल मोजायचे.

पेट्रोल भरणं हा एक जाहीर कार्यक्रम असे. पंपावर तेव्हा चार-चार मुलं टोप्या काढून, वाकून, ओरडून स्वागत करायची. त्यातला एक नळी घेऊन गाडीच्या मागे जायचा, झाकण सापडायचं नाही, उजवीकडे बघायचा, डावीकडे बघायचा, आणि शेवटी गाडीचीच माफी मागायचा. मग बाबा उतरून पुढचं बॉनेट उघडायचे, कारण टाकी तिथे, इंजिनाच्या मांडीवर. काटा नव्हताच, आत पट्टी बुडवून किती शिल्लक आहे ते बघायचं, आमटीत पळी घालून बघतात तसं. पेट्रोल पडलं की मी पेल्याने तेल ओतायचे, आणि मग ते नीट मिसळावं म्हणून आम्ही तिघांनी गाडीला धरून हलवायचं. आई साडीचा पदर खोचून डावीकडे, बाबा आणि मी उजवीकडे. एकदा ती चारही मुलं धावत आली आणि "सेऽ नो!", म्हणजे आपलं एक-दोन-तीन, म्हणून आमच्याबरोबर गाडी हलवायला लागली. बाबा इतके हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मात्र जमिनीकडे बघत होते, कारण रस्त्यापलीकडे माझ्या वर्गातली युकारी सायकल धरून उभी होती.

दुसऱ्या दिवशी युकारीने माझ्या युनिफॉर्मचा वास घेतला आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "मेधा-चान, तुमच्याकडे गवत कापायचं मशीन आहे का?" वर्गात हशा झाला. माझा रंग वेगळा, डबा वेगळा, आडनाव पाच अक्षरी. तेवढं पुरलं नव्हतं म्हणून देवाने गाडी पाठवली. त्या रात्री मी ठरवलं, हे ध्यान घरातून गेलंच पाहिजे.

इथे मला एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी, कारण तेव्हा मला ती दिसत होती आणि मी तिच्याकडे पाठ फिरवली. बाबा प्रयोगशाळेत अदृश्य होते. त्यांचा करार दरवर्षी वाढायचा, वर्षभरापुरता, आणि सेन्सेई, म्हणजे त्यांचे प्रमुख प्राध्यापक, भेटले की हवामानावर बोलायचे. दुपारी ते एकटे डबा खायचे. गाडी आली आणि लोक त्यांना थांबवून प्रश्न विचारायला लागले. शिपाई विचारायचे, विद्यार्थी विचारायचे, एकदा स्वतः सेन्सेई खाली उतरून बॉनेटमध्ये डोकं घालून अर्धा तास उभे राहिले. बाबा घरी येऊन सांगायचे, आज सात जणांनी विचारलं. मोजून. आठ वर्षांत त्या माणसाला त्या देशात पहिल्यांदा कोणी काही विचारलं होतं.

शाळेत आम्हाला पत्रलेखन शिकवायचे आणि त्यात मला नेहमी वर्गात सर्वांत जास्त गुण. जपानी पत्र म्हणजे कसं, आधी ऋतूवर बोलायचं, मग प्रकृतीची चौकशी, मग हळूच मुद्दा; तक्रार असेल तर नुसती करायची नाही, उपायही सुचवायचा. मी एका रविवारी दुपारी दार लावून बसले आणि 'एक शेजारी' या सहीने बाबांना पत्र लिहिलं. डोंगरावरची पानं लाल झाल्याचा आनंद व्यक्त केला. परदेशात राहून संशोधन करणाऱ्या कुटुंबाबद्दल आदर व्यक्त केला. मग लिहिलं की आपल्या वाहनाच्या धुराने वाळत घातलेल्या कपड्यांना वास येतो आणि सकाळच्या आवाजाने वृद्धांची झोपमोड होते, तरी कृपया विचार व्हावा. पत्र इतकं सुरेख जमलं की मला राहवलं नाही आणि मी उपायही लिहिला, तेलाचं प्रमाण ३३ ऐवजी ५०ला १ ठेवल्यास धूर कमी होईल. वा! गुन्हा करतानासुद्धा पूर्ण गुण मिळवायची हौस. पत्र पाकिटात घातलं, आमच्याच पेटीत टाकलं आणि आईला चटणी कुटायला मदत करायला गेले.

संध्याकाळी बाबांनी पाकीट उघडलं, कागद उलटसुलट पाहिला आणि नेहमीसारखा माझ्या हातात दिला. "बघ गं, काय म्हणतात."

मी लिहिलेलं पत्र मी मराठीत वाचून दाखवायला लागले. आई हातातलं काम सोडून दाराशी आली. लाल पानं झाली, आदर झाला, धूर झाला, झोपमोड झाली. आणि मग ते ३३ आणि ५०चं वाक्य समोर आलं. या गल्लीत, या शहरात, दातांचे डॉक्टर सोडले तर या आख्ख्या देशात हे दोन आकडे माहीत असलेली माणसं या खोलीतच होती. मी ते वाक्य गाळलं आणि सरळ सहीवर आले. "एक शेजारी," मी म्हणाले.

बाबांनी कागद परत घेतला. बराच वेळ बघत राहिले. घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "आपला त्रास होतोय म्हणजे. माफी मागायला हवी."

"कोणाची? नाव कुठे आहे?" आई म्हणाली.

"म्हणूनच सगळ्यांची. मेधा येईल भाषांतराला."

ही शिक्षा मी माझ्या शत्रूलाही देणार नाही. युकारीला कदाचित देईन. आईने लाडू केले. बेसन आणायला कोबेला जावं लागलं असतं, म्हणून तिने भाजलेल्या सोयाबीनचं पीठ घेतलं, त्यात तूप, साखर, वेलदोडा. चव अशी की बेसनाची आठवण यावी. पाच घरांसाठी पाच डबे, कागदात गुंडाळून. बाबांनी टाय लावला. आणि आम्ही दारोदार जाऊन, कोणीही न केलेल्या तक्रारीबद्दल, कमरेत वाकून माफी मागितली. बाबा मराठीत बोलायचे, मी जपानीत सांगायचे, आणि प्रत्येक दारात माणसं गोंधळून आमच्यापेक्षा खाली वाकायची. "छे छे, आम्हाला कुठे त्रास? किती उत्साही आवाज आहे गाडीचा!"

आता यातली गोम अशी की क्योतोत तक्रार सरळ करत नाहीत. शेजारीण म्हणाली, तुमच्या मुलीचा पियानो किती छान झालाय, की समजायचं, पियानो बंद करा. पाहुण्याला म्हणाले, तुमचं घड्याळ सुंदर आहे, की पाहुण्याने उठायचं. बाबांना हे प्रयोगशाळेत कोणीतरी समजावून सांगितलं होतं, आणि एकदा शिकलेली गोष्ट ते सोडत नसत. प्रत्येक घरातून बाहेर पडल्यावर ते मान हलवायचे. "उत्साही म्हणाले ना? झालं तर."

शेवटचं घर मोरिताबाईंचं. त्या ऐंशीच्या पुढच्या, एकट्या. त्यांनी आमचं बोलणं ऐकून घेतलं, आणि तिथे कोणी कधी करत नाही ते केलं. आमच्यादेखत कागद फाडून डबा उघडला आणि लाडू तोंडात टाकला. मग म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याची मालाची तीनचाकी होती. अगदी असाच आवाज, असाच वास. सकाळी तुमची गाडी सुरू झाली की मी चहाचं पाणी ठेवते. बंद करू नका हो." त्यांचे हात तुपकट झाले होते आणि त्या ते एप्रनला पुसत होत्या.

मी शब्द न शब्द सांगितला. बाबा खाली वाकले, आम्ही रस्त्यावर आलो, आणि ते म्हणाले, "बंद करू नका म्हणाल्या. म्हणजे सगळ्यांत जास्त त्रास यांनाच होतोय बघ."

"बाबा, त्या खरंच म्हणत होत्या," असं मी म्हणणार होते. मला माहीत होतं की त्या खरंच म्हणत होत्या. पण मग बाबांनी विचारलं असतं, तर पत्र कोणाचं? मी शेजारी चालत राहिले. घर अवघं वीस पावलांवर होतं, आणि त्या वीस पावलांत मी एक शब्द बोलले नाही. आज मी याच देशात, तोयोसुला, विसाव्या मजल्यावर राहते, खाली तळघरात गाड्या इतक्या मुक्याने फिरतात की अंगावर येईपर्यंत कळत नाहीत, माझा मुलगा मराठीत विचारलेल्याला जपानीत उत्तर देतो, बाबा आता नाहीत. सगळं बदललं, पण ती वीस पावलं काही केल्या संपत नाहीत.

गाडी महिन्याभरात गेली. कोबेचा एक तरुण कॉफीच्या दुकानासमोर उभी करायला आणि रविवारी फिरवायला घेणार होता. भला मुलगा, खिशात छोटी वही, बाबा जे सांगतील ते लिहून घ्यायचं म्हणून. ट्रकही आणला होता. बाबांनी स्वतः गाडी फळ्यांवरून ट्रकवर चढवली; सव्वीस घोड्यांनी जेवढा आवाज करता येईल तेवढा केला, आणि गल्ली निळी झाली. मोरिताबाई एप्रनवरच दारात येऊन उभ्या होत्या. आई आत गेली. तिला म्हणे गॅसवर दूध होतं. गॅसवर काहीही नव्हतं. इतके दिवस सुटका हवी म्हणणारी मी मात्र फळीपाशी उभी, आणि काम तेच, भाषांतर.

बाबांनी एकेक गोष्ट सांगितली. पट्टी कशी बुडवायची, थंडीत चोक किती ओढायचा, पेट्रोल भरलं की गाडी कशी हलवायची. तो लिहीत होता. मग बाबांनी दारावर बोटांनी एकदा टकटक केलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणि सांग त्याला, तेल पन्नासला एक पुरे. मी आपलं उगीच तेहेतीसला एक घालत राहिलो. एका शेजाऱ्यांनी पत्रातून कळवलं."

ते वाक्य मी बाबांना वाचून दाखवलंच नव्हतं. पण ३३ आणि ५० वाचायला जपानी कशाला यायला हवं? पाच घरं, पाच डबे, टाय लावून पाच वेळा कमरेत वाकणं; त्यांना पहिल्या संध्याकाळपासून माहीत होतं. क्योतोच्या रीतीचं ते सगळं सोंग होतं, मला वाचवायला.

"सांग ना," बाबा म्हणाले.

मी सांगितलं. त्याने वहीत ५० लिहून त्याभोवती गोल काढला आणि म्हणाला, इतक्या आपुलकीने कळवणारी माणसं शेजारी मिळायला भाग्य लागतं. मी ते मराठीत सांगितलं.

"हो," बाबा म्हणाले. "सांग त्याला, अगदी घरच्यासारखी आहेत."

तेही मी सांगितलं.